मुलगी परदेशी देताना

या अंकात द्राक्षाच्या खरड छाटणीविषयी लिहायचे ठरले होते. ते पुढच्या अंकात लिहितो. छाटणी पाहायला म्हणून एका बागेत गेलो आणि भलत्याच विषयात अडकून परत आलो. विषय मात्र आता गावोगाव निघू लागला आहे, म्हणून आज त्यावरच चार गोष्टी सांगतो.

बाग तासगाव बाजूची. मालकांना मी गेली वीस वर्षे अण्णा म्हणतो. चार ओळी पाहून झाल्यावर आम्ही शेडमध्ये टेकलो. वहिनींनी चहा आणला. अण्णांनी खिशातून मोबाईल काढला आणि एका मुलाचा फोटो माझ्यापुढे धरला.

"साहेब, धाकटीला स्थळ आलंय. अमेरिकेचं. कॉम्प्युटरमध्ये हाय पोरगा. तीन आठवड्यांच्या रजेवर येणार, तेवढ्यात लगीन उरकायचं म्हणत्यात."

मी थट्टेने म्हणालो, "अण्णा, बागेत डॉगरिजचा खुंट लावलात तो मूळचा अमेरिकेचाच. आता जावईही तिकडचा आणताय." अण्णा हसले. मुलगी दारात उभी होती, ती हसली नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेली आहे, तालुक्याला एका रोपवाटिकेत नोकरी करते. तिने विचारले, "काका, मला तिथं नोकरी करता येईल का?"

शेडमध्ये कुणीच बोलेना. मुलाचा पगार डॉलरमध्ये किती, त्याचे रुपये किती, घर भाड्याचे की मालकीचे, गाडी कोणती, सगळे विचारून झाले होते. पत्रिकाही जुळली होती. हा एक प्रश्न मुलीवाल्यांनी विचारला नव्हता आणि मुलाकडच्यांनी आपणहून सांगितला नव्हता.

हा प्रश्न न विचारण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला २०११ साली अमेरिकेचे स्थळ मीच सुचवले. मुलगा चांगला, निर्व्यसनी, आजही दोघांचे उत्तम चालले आहे. पण भाची एम.एस्सी. होऊन कॉलेजात शिकवत होती, आणि तिकडे गेल्यावर पाच वर्षे तिला एक डॉलरही मिळवता आला नाही. नवऱ्याने अडवले नव्हते, कायद्याने अडवले होते. फोनवर ती म्हणायची, "मामा, भाजी आणायलासुद्धा मागून पैसे घ्यावे लागतात." त्यावर मला उत्तर सुचत नसे. बहिणीने मला कधी बोल लावला नाही, पण मी विचारायला हवे होते हे दोघांनाही माहीत आहे.

तेव्हा हे व्हिसाचे प्रकरण समजून घ्या. आपली बहुतेक कॉम्प्युटरवाली मुले अमेरिकेत एच-१बी या व्हिसावर असतात. हा कामाचा व्हिसा आहे, कायम राहण्याचा नाही. तो साधारण सहा वर्षांपर्यंत चालतो, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तर पुढे वाढतो. अशा मुलाच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर तिला राहता येते, कॉलेजात शिकता येते, पण नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून यात थोडी वाट निघाली. नवऱ्याच्या कंपनीने त्याच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करून तो पहिल्या मोठ्या टप्प्यात मंजूर झाला असेल, किंवा त्याच अर्जापायी त्याचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढला असेल, तर बायकोला कामाचा वेगळा परवाना मागता येतो. भाचीला २०१६ साली मिळाला तो असाच. हा अर्जच झाला नसेल, तर आपली पदवीधर मुलगी तिकडे घरात बसणार हे धरून चाला. कंपनीने बदलीवर पाठवलेल्या मुलाचा व्हिसा एल-१ असतो. त्याच्या बायकोला एल-२ मिळतो आणि तिला काम करता येते. बाहेरून पाहिले तर दोन्ही मुले सारखीच, "अमेरिकेत नोकरीला". मुलींच्या दिवसांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मुलाकडे ग्रीन कार्ड असेल किंवा तो तिकडचा नागरिक असेल तर गोष्ट निराळी. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. नागरिकाच्या बायकोला लवकर येता येते, पण लग्नाला दोन वर्षे पुरी व्हायच्या आत ती पोचली तर तिला मिळणारे कार्ड दोन वर्षांच्या अटीचे असते. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज केल्यावर ती अट निघते. ही तारीख मुलीने स्वतः लिहून ठेवावी. ती दुसऱ्या कुणाच्या लक्षात राहील यावर विसंबू नये.

इंग्लंडचे नियम वेगळे. तिथे कायम झालेल्या माणसाच्या बायकोला पहिल्या दिवसापासून काम करता येते. पण बायकोला बोलावण्यासाठी साधारणपणे वर्षाला किमान २९,००० पौंडांची मिळकत दाखवावी लागते. एप्रिल २०२४ पूर्वी हाच आकडा १८,६०० होता. मुलगा तिथे शिकायला गेलेला असेल तर जास्तच सावध राहा. जानेवारी २०२४ पासून, संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता, नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला बायको सोबत नेता येत नाही. "मास्टर्स करतोय, लग्न झालं की लगेच घेऊन जाईल" असे कुणी सांगितले तर मान हलवू नका. आखातात बायकोचा निवास सहसा नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला असतो. नोकरी गेली की दोघांनाही सामान बांधावे लागते. हे नियम बदलत राहतात, म्हणून लग्न ठरवायच्या वेळी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर मुलीनेच वाचून खात्री करावी. एजंटाच्या तोंडाकडे पाहू नये.

मी अण्णांना विचारले, "सोयाबीनचं बियाणं आणता तेव्हा काय करता?" म्हणाले, "पिशवी, चिठ्ठी आणि पावती जपून ठेवतो. मूठभर बीबी बाजूला काढतो. उगवण झाली न्हाई तर दाद मागायला काय तरी हातात पायजे." मग पोरीच्या लग्नात पावती नको का?

ही पावती म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. लग्नाचा अल्बम म्हणजे दाखला नव्हे, आणि मंगल कार्यालयाचे बिलही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगितली. आपल्याकडे तर १९९८ चा कायदाच आहे. ग्रामीण भागात ही नोंद ग्रामपंचायतीत, म्हणजे आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत आलो त्यांच्याकडे होते. नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. मुलगा तीन आठवड्यांनी विमानात बसणार, तेव्हा हळद उतरण्याआधी ही नोंद झाली पाहिजे. एकदा तो गेला की सहीसाठी पुढच्या रजेची वाट पाहणे आले. दाखल्याशिवाय बायकोचा व्हिसा निघत नाही, आणि पुढे कधी कोर्टाची पायरी चढावी लागलीच तर पहिला कागद तोच मागतात. काही देशांना यावर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिलचा शिक्काही लागतो.

नावांकडे लक्ष द्या. दहावीच्या गुणपत्रिकेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, ही आपल्या घरोघरची कथा. मागच्या पिढीत तर मास्तरांनी निम्म्या गावाचा जन्म १ जूनला लावून दिला. आपसात हे चालून जाते, वकिलातीच्या खिडकीवर चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. मुलीचा पासपोर्ट वडिलांच्या नावाने असेल तर त्याच नावाने विवाहाची नोंद करून ती जाऊ शकते. मानपानासाठी नाव बदलून कागदांचा घोळ करण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाचीही कागदपत्रे मागा. त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, कंपनीचे नाव-पत्ता, राहत्या घराचा पत्ता. पूर्वी लग्न झाले असल्यास घटस्फोटाचा हुकूम. "विश्वास नाही का?" असे कुणी म्हणाले तर म्हणावे, सोसायटीचे कर्ज घेताना आम्हीही सातबारा देतो, तिथे कुणी रागावत नाही.

आता शेताकडे येतो. अण्णांचा थोरला मुलगा मधेच म्हणाला, "काका, ताई तिकडं गेल्यावर सहीला कुठं सापडणार? जायच्या आधी हक्कसोड करून घेतो." पोरगा वाईट नाही, पुढची दगदग वाचवायला म्हणाला. तरी मी त्याला थांबवले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, २००५ साली सबंध देशाला लागू झाला, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसले तरी तो टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्के केले. मुलगी परदेशी गेली म्हणून हा हक्क जात नाही. उद्या ती तिकडची नागरिक झाली तर भारताचे नागरिकत्व सुटते, कारण आपला कायदा दोन नागरिकत्वे मानत नाही. तरीही वारसाने येणारी शेती तिच्या नावावर राहू शकते. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्ड घेतलेल्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि वारसाने आलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, एवढेच बंधन. सहीचा प्रश्न मुखत्यारपत्राने सुटतो. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येते. इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

हक्कसोडपत्र एकदा नोंदले की ते सहजासहजी फिरवता येत नाही. तिला खुशीने भावाला द्यायचे असेल तर दहा वर्षांनी देईल, तिचे तिकडे बस्तान बसल्यावर. लग्नाच्या गडबडीत, डोळ्यांत पाणी असताना मुलीची सही घेऊ नये. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "माझी घेतली होती तशीच." पुढे कुणी काही बोलले नाही.

बिघडल्यास काय, हेही सांगायला हवे. अशुभ बोलू नये म्हणतात, पण फवारणीला जाताना आपण औषधावरचा धोक्याचा त्रिकोण पाहतोच. पासपोर्ट मुलीचा मुलीच्याच ताब्यात असावा. त्याची, व्हिसाची आणि विवाहदाखल्याची प्रत माहेरी ठेवावी. मारहाण झाली तर अमेरिकेत ९११ आणि इंग्लंडात ९९९ हा नंबर फिरवायचा, हे तिला येथूनच पाठ असावे. राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या नोंदवता येते. तिकडच्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आली तर चुलीत घालू नका आणि घाबरून सहीही करू नका. मुलीने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नसेल आणि कारण आपल्या विवाह कायद्यात बसत नसेल, तर तो घटस्फोट इथे मानला जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. अशा वेळी लगेच वकील गाठा. आणि मूल झाले असेल तर नवऱ्याच्या संमतीशिवाय ते घेऊन इकडे निघून येण्याआधीही वकिलाला विचारा, तिकडे त्याला मुलाला पळवून नेणे समजू शकतात.

एवढे बोलून मी निघालो, तेव्हा मुलगी रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काका, मीच विचारू का त्यांना?" मी म्हणालो, "तूच विचार. आणि कसं उत्तर देतात तेही बघ."

परवा अण्णांचा फोन आला. मुलाने न कुरकुरता आपल्या व्हिसाच्या मंजुरीची प्रत पाठवली. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने अजून केलेला नाही, हेही त्याने सरळ सांगितले. त्यावर दोघांचे आपसात बोलणे झाले. लग्न पुढे ढकलायचे, तोवर मुलीने रोपवाटिकेतली नोकरी सोडायची नाही आणि तिकडच्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षांची तयारी करायची, कारण शिकायला एच-४ वर आडकाठी नाही. मुलाकडचे दिवाळीत लग्न करू म्हणतात.

"पण साहेब," अण्णा म्हणाले, "दिवाळीला फळछाटणी, डिपिंग, सगळं अंगावर असतंय. कसं जमायचं?"

मी म्हणालो, मार्चच्या आत तारीख धरू नका. माल उतरू द्या.