जपणूक की अडवणूक?

अपघाताने अपंगत्व आलेल्या माणसाला घरातील मंडळी तळहाताच्या फोडाप्रमाणे जपतात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ‘तू बसून राहा, आम्ही आहोत ना’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याला त्या मायेचाच काच होऊ लागतो.

अमेरिकेतील लॉनी बेडवेल यांचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. पूर्वी नौदलात असलेल्या बेडवेल यांची दृष्टी १९९७ मध्ये शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेली. पुढे त्यांचा ‘टीम रिव्हर रनर’ या संस्थेशी संबंध आला. २००४ मध्ये वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात सुरू झालेली ही संस्था जखमी सैनिकांना कयाक चालवायला शिकवते. कयाक म्हणजे अरुंद, लहानशी होडी. बसणाऱ्याचे पाय तिच्या आत झाकलेले असतात. पाय गमावलेला सैनिक तिच्यात बसला की इतरांहून वेगळा दिसत नाही. रुग्णालयात अनेक महिने काढलेल्या माणसाला याचे मोल विचारावे!

२०१३ मध्ये बेडवेल यांनी ग्रँड कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीत २२६ मैलांचा प्रवास कयाकने केला. लोकांनी त्यांच्या धाडसाची स्तुती केली. खरी स्तुती व्हायला हवी ती त्याआधीच्या कंटाळवाण्या सरावाची. होडी उलटली की डोके पाण्याखाली असतानाच कंबरेच्या झटक्याने ती सरळ करावी लागते. ही क्रिया त्यांनी घराजवळच्या तळ्यात हजाराहून अधिक वेळा केली. नदीत, पाण्याच्या गर्जनेतही ऐकू जावे अशा बेताने सोबती ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ अशा हाका देत; वल्हे मात्र बेडवेल यांच्याच हाती असे.

उसळत्या पाण्यात खांदा निखळणे ही कयाक चालवणाऱ्यांची नेहमीची दुखापत. प्रसंगी जीवही जातो. घरच्यांची भीती म्हणूनच अनाठायी ठरत नाही. तथापि, त्या भीतीवर बंदी हा उपाय नव्हे. हेल्मेट, लाइफ जॅकेट, शांत पाण्यातील सराव आणि जाणता सोबती एवढी तयारी झाल्यावर पाण्यात उतरायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बेडवेल यांचा आरंभ तर नदीवर नव्हे, घराच्या अंगणात झाला. दृष्टी गेल्यानंतर त्यांच्या लहानग्या मुलीने त्यांचा हात धरला आणि त्यांना अंगणातले गवत कापायला बाहेर नेले.