गवताला ओसाड म्हणू नका

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुन्नारच्या सहलीचे फोटो आले, इरविकुलम राष्ट्रीय उद्यानाचे. खाली भाचेबुवांचा शेरा: "जागा छान, पण डोंगर अगदी बोडके. सरकारने झाडं लावायला हवीत." त्यावर अठरा अंगठे! मग मात्र राहवेना...

अहो, ते बोडके नाहीत! त्या ९७ चौरस किलोमीटरांत बहुतेक गवतच आहे आणि ते तसंच असायला हवं. झाडं आहेत, पण घळींमध्ये. त्या जंगलाला तिकडे 'शोला' म्हणतात. उघड्या माथ्यावर सोसाट्याचा वारा, आणि हिवाळ्यात दव गोठतं. तिथे रोपटं करपतं, गवत तगतं. त्या गवतावर निलगिरी ताहर जगतो. ही रानबकरी जगात फक्त केरळ-तामिळनाडूच्या घाटात उरली आहे, आणि तिचा सगळ्यांत मोठा कळप-परिवार इथे आहे. वाघ-बिबट्या दिसला की कड्याकडे पळायचं, हा तिचा बचाव. त्यासाठी समोर मोकळं दिसायला नको का?

झाडं लावण्याचं पुण्यकर्म शेजारच्या निलगिरी पठारावर होऊन गेलं आहे. इंग्रजांनी सुरू केलं, स्वातंत्र्यानंतर आपण जोमाने पुढे नेलं. गवत म्हणजे पडीक जमीन, हा हिशेब! कातडी कमावण्याच्या सालीसाठी ऑस्ट्रेलियाचं वॅटल लावलं, शिवाय पाइन आणि निलगिरी. (गंमत पाहा, आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड निलगिरीचं नाहीच!) आता वॅटल तोडलं तरी मातीतल्या बिया वर्षानुवर्षं उगवत राहतात. गवत गेलं की बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजीही जाते. २०१८ साली फुलली होती. आता २०३० ची वाट पाहायची.

आणि हे दूरचं नाही बरं. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यांत इरविकुलम आहे तसं आपलं कासही आहे. तिथेही कातळावर जेमतेम माती, म्हणूनच ती फुलं.

तरी दर जूनला माळावर खड्डे खणायची टूम निघतेच. आमच्या मंडळाचीही निघाली आहे. शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, पाणी घालायला मी या वयातही येईन. माळावर मात्र माझं नाव यादीत धरू नका.