अर्धवट गाडीची पुरी किंमत

दिवाळी तोंडावर आली की आमच्या अंबडात दोन माणसांना भाव येतो. एक रंगाऱ्याला आणि दुसरा भंगारवाल्याला. माळे उतरवले जातात, कोठीची खोली झाडली जाते, आणि फुटका बंब, वाकडी सायकल, तीन पायांची खुर्ची असा संसार दारात येतो. भंगारवाला तराजू धरून उभा राहतो व वजन सांगतो. घरमालक त्या वस्तूची कुळकथा सांगतो. ‘अहो, हा बंब तांब्याचा आहे, याला गेल्याच वर्षी नवी तोटी बसवली आहे!’ भंगारवाला शांतपणे म्हणतो, ‘तोटी काढून घ्या, मालक.’

या संवादात शहाणा कोण, हे ठरवण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. कारण गेल्या वर्षी बंबाऐवजी माझ्या दारात एक मोटार उभी होती, आणि तोटीची कुळकथा सांगणारा घरमालक मीच होतो.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. अर्धवट दुरुस्त केलेल्या वस्तूची किंमत तिच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवणे हा अडाणीपणा आहे, आणि तिचे उरलेले काम झाकून ती विकणे ही चोरी आहे. आपल्याकडे पहिल्याला हिशेब म्हणतात व दुसऱ्याला व्यवहारज्ञान. भांडण आहे ते या दोन नावांशी.

मोटार माझ्या मामांची. फियाट ११०० डिलाइट, १९७१ सालची. मामा मोसंबीचे बागाईतदार. त्यांनी ती जुनीच घेतली होती व तीस वर्षे वापरली. २०१८ साली मामा गेले आणि गाडी बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. २०२० साली शाळा बंद झाल्या. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकचे, पुढे चित्रकलेच्या परीक्षा. हातात ब्रश नाही, कादंबरी पुढे सरकत नाही, अशा दिवसांत माझी नजर त्या गाडीवर गेली. मामी म्हणाल्या, ‘कर बाबा काय करायचं ते. नुसती उभी राहून सडण्यापरीस बरं.’ चार वर्षांत त्या गाडीने एक लाख शहाऐंशी हजार रुपये खाल्ले. त्यांतले चौऱ्याहत्तर हजार मामींचे, एक लाख बारा हजार माझे. आणि गाडी अर्धीच झाली!

मग मामींच्या माळवदाला गळती लागली. पुढच्या पावसाळ्याच्या आत स्लॅब टाकणे भाग होते. गाडी विकायची ठरली, आणि किंमत सांगणाऱ्यांची माझ्या ओसरीवर रीघ लागली.

पहिला पक्ष खर्चवाल्यांचा. ‘एवढे घातलेत, तेवढे तरी निघालेच पाहिजेत.’ निघालेच पाहिजेत! कोणाकडून? गिऱ्हाइकाने मला पैसे घालायला सांगितले होते काय? माझ्या हौसेचे देणे तो कोठल्या न्यायाने फेडील? खर्च ही माझ्या मागच्या चार वर्षांची गोष्ट आहे. किंमत ही त्याच्या पुढच्या चार वर्षांची. या दोहोंचा संबंध असता, तर मोडलेल्या लग्नाच्या मांडवखर्चावरून मुलीचे स्थळ ठरले असते.

वाचकहो, या गाडीचाच इतिहास पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी होऊ लागल्या. १९६४ साली डिलाइट आली. तिचेच नाव १९७४ पासून पद्मिनी झाले. त्या काळी देशात मोटारी थोड्या आणि नाव नोंदवून वाट पाहणारे फार. सरकारने १९६९ साली मोटारींच्या किंमतींवर नियंत्रण घातले. कारखानदार म्हणाले, या किंमतीत आमचा खर्च भागत नाही. तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इकडे न्यायालयात खर्चाचे कागद चालले होते, आणि तिकडे बाजारात काय चालले होते? रांगेतून सुटलेली वापरलेली गाडी कोऱ्या गाडीहून महाग विकली जात होती! कारखान्याचा खर्च एक, सरकारी किंमत दुसरी आणि रांगेने ठरवलेली तिसरी. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, हळूहळू रांग संपली, आणि तिच्याबरोबर फियाटचा तोराही उतरला. गाडी तीच, पत्रा तोच; भाव मात्र कोणाच्या खर्चाला विचारून उतरला नाही.

दुसरा पक्ष ‘व्हिंटेज’वाल्यांचा. हा मोठा रंगेल पक्ष. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वीस वर्षांची मर्यादा भरली, एवढेच कारण. पण वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, लोकांचे डोळे पाणावले, आणि ज्याच्या ज्याच्या परसात फियाटचे धूड होते त्याला ते धूड एकाएकी जडजवाहीर वाटू लागले. आमच्या गावचा एक मध्यस्थ मला म्हणाला, ‘मास्तर, जुनी म्हणू नका. व्हिंटेज म्हणा. एका शब्दाला पन्नास हजार!’

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एका शब्दाला पन्नास हजार ऐकून घेरीच यायची. पण शब्दाचाही काही अर्थ असतो. जाणकार मंडळी व्हिंटेज म्हणतात ते साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांना. आपल्या सरकारने २०२१ साली नियम केला तो अधिक उदार. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी त्यात बसते. मात्र ती मूळ स्वरूपात हवी. सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे. आणि या नियमाखाली नोंदवलेली गाडी प्रदर्शनाला, फेरीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला काढू नये. आता आमच्या मध्यस्थाची जाहिरात ऐका : ‘अस्सल व्हिंटेज, रोज पोरांना शाळेत सोडायला उत्तम!’ एका वाक्यात दोन आश्वासने, आणि दोन्ही एकमेकांचे गळे धरून बसलेली. शब्दाचे पन्नास हजार घ्यायचे आणि शब्दाचा अर्थ मात्र गिऱ्हाइकाने घरी जाऊन शोधायचा, याला आमच्या शाळेत कॉपी म्हणतात.

तिसरा पक्ष सर्वांत मोठा, न सांगणाऱ्यांचा. यात माझे अर्धे नातेवाईक आहेत, आणि काही दिवस मीही होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

गाडीचे झालेले काम चांगले होते. इंजिन उतरवून बोअर केले होते, पिस्टन-रिंगा नव्या, ब्रेक नवे, पुढची वायरिंग नवी. चावी फिरवली की ती १०८९ सी. सी. ची जुनी यंत्रणा अशी गुणगुणे की ऐकत राहावे. पण तळ कुजला होता. आता ज्यांनी जीप किंवा ट्रक पाहिला आहे त्यांना वाटेल, तळाच्या पत्र्याचे काय एवढे? खाली चेसिस आहे ना! या फियाटला तशी वेगळी चेसिस नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. तळ आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या, तर गाडी केवळ कुरूप होत नाही. ती कमकुवत होते. मागच्या आसनापुढे माझ्या तळहाताएवढे भोक होते. त्यावर रबरी पायपोस होता. तो मी टाकला होता.

नवरात्र होते, मत्स्योदरीची यात्रा भरली होती. छत्रपती संभाजीनगरचे एक गृहस्थ दर्शनाला आले ते गाडी पाहायला आमच्याकडे उतरले. बरोबर पत्नी व सहा-सात वर्षांची मुलगी. गृहस्थांनी इंजिन ऐकले आणि भाळले. ‘रंग तेवढा बाकी दिसतो,’ असे म्हणून त्यांनी दोन लाख दहा हजार देऊ केले. खर्चाहून चोवीस हजार अधिक! माझ्या शेजाऱ्याने मागून माझ्या पाठीत बोट खुपसले. म्हणजे, आता तोंड मिटा. एवढ्यात ती मुलगी मागच्या दाराने आत चढली आणि नेमकी त्या पायपोसावर उभी राहून उड्या मारू लागली.

मी पायपोस ओढून काढला. यात थोरपणा काही नव्हता. माझी छाती धडधडत होती. गृहस्थांनी भोक पाहिले, माझ्याकडे पाहिले, मुलीला उचलले आणि निघून गेले. जे खरे सांगायचे ते पायपोसाखालून काढून सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते खोटेच वाटते. त्या माणसाचे काय चुकले?

रात्री मामेभावाचा पुण्याहून फोन आला. त्याचा प्रश्न मी येथे जसाच्या तसा देतो, कारण या सगळ्या वादात दमदार प्रश्न तेवढा एकच आहे. तो म्हणाला, ‘दादा, खरेपणा तुझा, आणि त्याचं बिल माझ्या आईनं का भरायचं? तिच्या डोक्यावर छप्पर नाही.’

मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्याच्या खिशातून केलेला धर्म हा धर्म नव्हे, हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. सकाळी मी मामींकडे गेलो. त्या मोसंबी निवडत होत्या. मी सगळे सांगितले, भावाचा प्रश्नही सांगितला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पैसा मला पाहिजे. नको असं म्हणायची माझी ऐपत नाही. पण तुझ्या मामानं जन्मात कधी वर मोठी फळं अन् खाली बारकी अशी पेटी भरली नाही. तू मास्तर. तू पाहा.’

तेव्हा मी वहीचे पान घेतले आणि दोन रकाने पाडले. डावीकडे झालेले काम; त्यापुढे एकही रुपया लिहिला नाही. उजवीकडे राहिलेले काम : तळ व पट्ट्या कापून नव्याने बसवणे, बाहेरचा पत्रा ठोकणे, लांबी भरणे, रंग, दारांचे रबर, आसने, मागची वायरिंग, बंपरची क्रोम. हे सारे मेस्त्रीकडून विचारून घेतले. एक लाख पंचेचाळीस हजार. पूर्ण होऊन, कागदपत्रांसह उभी राहिली तर ही गाडी त्याच्या मते तीन लाख वीस हजारांची. राहिलेले काम वजा, आणि घेणाऱ्याचा वेळ, हेलपाटे व पत्रा कापल्यावर आत आणखी काय निघेल याची धाकधूक, हे पस्तीस हजार वजा. राहिले एक लाख चाळीस हजार. ही अर्धवट गाडीची पुरी किंमत. जो विकणारा शेवटची वजाबाकी करीत नाही, तो आपली धाकधूक गिऱ्हाइकाला फुकट विकत असतो.

आणि कागद! मृताच्या नावावरची गाडी विकता येत नाही. फॉर्म ३१ भरून ती आधी मामींच्या नावावर केली. विक्रीचे २९ आणि ३० तयार ठेवले. नोंदणी वेळेवर नूतन केलेली होती, ही मामांची पुण्याई.

उलट बाजूची अतिशयोक्तीही मी ऐकून घेतली. आमच्या जालन्याला पूर्वीपासून सोन्याचा पाळणा म्हणतात. आता तो पोलादाचा झाला आहे. तेथल्या भट्ट्यांत देशभराचे भंगार वितळून सळया होतात. एक जण तेथून आला, सुमारे नऊशे किलोंच्या त्या गाडीकडे पाहून म्हणाला, ‘पंचवीस हजार.’ वजनापुरता त्याचा हिशेब खरा होता, आणि खोटे तो एक अक्षर बोलला नाही. मी त्याला चहा पाजला. व्हिंटेजवाल्या मध्यस्थाला पाजला नव्हता.

शेवटी गेवराईचे एक गॅरेजवाले आले. मी त्यांच्या हाती आधी उजवा रकाना दिला. ते तासभर गाडीखाली होते. वर आले ते म्हणाले, ‘स्टीअरिंग बॉक्स ढिला आहे, तो तुमच्या यादीत नाही.’ मी म्हटले, मला ठाऊक नव्हते. त्यांनी पाच हजार कमी केले. एक लाख पस्तीस हजारांना व्यवहार झाला.

आता भावाच्या प्रश्नाचे उत्तर. कामाला हात लावण्यापूर्वी मेस्त्रीने ती गाडी साठ हजारांना मागितली होती. ते साठ मामींचे. त्यांचे घातलेले चौऱ्याहत्तर, तेही मामींचे. झाले एक लाख चौतीस हजार. उरलेले एक हजार मी घेतले. एक लाख अकरा हजार माझे बुडाले, आणि ते बुडणेच न्याय्य होते. चार वर्षे जी हौस केली तिची ती फी. भावाने फोनवर हिशेब ऐकला आणि म्हणाला, ‘तरी तुझं पटत नाही.’ स्लॅबला कमी पडलेले त्याने आणि मी निम्मे-निम्मे घातले. न पटताही त्याने घातले, हे येथे नोंदवले पाहिजे.

वाचकहो, मोटार सर्वांकडे नसते. पण अर्धे बांधलेले घर, अर्धी पेरलेली जमीन, अर्धा जमलेला धंदा, यांतले काही ना काही प्रत्येकाला कधी तरी विकावे लागते. त्या वेळी दोन रकाने पाडा आणि गिऱ्हाइकाला उजवा आधी दाखवा. किंमत कमी येईल. मी खोटे आश्वासन देत नाही. पण पायपोसावर कोणाचे मूल उभे राहिले, तर छाती धडधडणार नाही.

या दिवाळीत भंगारवाला दारात आला, तेव्हा बंबाची तोटी मी आधीच काढून ठेवली होती.