काचपेटीतली घोरपड
घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून पाळण्यासाठी अमेरिका-युरोपात जाणाऱ्या सव्हाना घोरपडीचे हाल उपासमारीपेक्षा अतिलाडानेच अधिक होतात. घानातील शेतांत या जातीची पिल्ले मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत राहून तेच रातकिडे खातात, तर प्रौढ घोरपडी वाणी, म्हणजे स्पर्श होताच वेटोळे करणारे बहुपाद किडे, टिपतात. पिंजऱ्यात मात्र सोय म्हणून उंदीर भरवले जातात आणि यकृतावर चरबी चढते. घोरपड शीतरक्ताची, म्हणजे देहाच्या उष्णतेसाठी बाहेरच्या उबेवर अवलंबून असल्याने, दिव्याखालचा दगड ५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला आणि दुसरे टोक सावलीचे लागते. शिवाय तळाशी, मुठीत दाबल्यावर ढेकूळ टिकेल इतकी ओलसर माती निदान दोन फूट हवी, कारण बिळातला दमटपणा नसेल तर शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडे थकतात आणि युरिक आम्ल सांध्यांत साचते. दुकानात वीतभर दिसणारे पिल्लू पुढे तीन फुटांच्या घरात जाते आणि त्याला आठ फूट लांबीची पेटीही जेमतेम पुरते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.