आजोबांचा फोन आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना

दिवाळीच्या खरेदीच्या याद्या एव्हाना घरोघर तयार झाल्या असतील. वडिलांना सदऱ्याचे कापड, आईला सुती साडी, मुलांना फटाके. त्या यादीत यंदा आणखी एक बाब घालावी असे सुचवायचे आहे: आई-वडिलांच्या मोबाइलचा वर्षभराचा रिचार्ज. बाब क्षुल्लक वाटेल. पण ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हे गाऱ्हाणे इतक्या वेळा येऊ लागले आहे की त्याला एकदा सबंध जागा देणे भाग आहे.

एक निवृत्त गृहस्थ लिहितात, “वय चौऱ्याहत्तर. पेन्शन पुरते. मुलगा बंगळुरूला. रिचार्ज संपला की तो करून दे म्हणून त्याला फोन करावा लागतो, आणि तो फोन करायलाच रिचार्ज लागतो!” ह्यात विनोद आहे, पण पुढचे वाक्य वाचून हसू मावळते. “पैशाचे काही नाही हो, दर महिन्याला आठवण करून द्यायची त्याचा संकोच वाटतो.” ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे घराची सगळी बिले स्वतः भरली, त्याला आपल्याच फोनसाठी दर महिन्याला तोंड वेंगाडावे लागावे, हे काही बरे नव्हे.

आता ‘दर महिन्याला’ हा शब्दच पाहा. बाजारातले बरेचसे रिचार्ज २८ दिवसांचे असतात. वर्षाचे ३६५ दिवस २८ने भागले की तेरा हप्ते होतात. आपल्या पंचांगात अधिक मास येतो तो सुमारे तीन वर्षांतून एकदा. मोबाइलच्या पंचांगात तो दरसाल येतो! शिवाय २८ दिवसांमुळे तारीख सारखी मागे सरकते. पेन्शन पहिल्या तारखेला येणार, दूधवाला पहिल्या तारखेला येणार, आणि रिचार्ज एकदा २० तारखेला, एकदा १८ला, एकदा १५ला. वृद्ध माणसाने लक्षात तरी काय ठेवावे? ह्याबद्दल ओरड झाली तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२मध्ये फर्मावले, की प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज पुऱ्या ३० दिवसांचा, आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा. ही सोय झाली खरी; पण विचारल्यावाचून ती कोणी फारशी पुढे करीत नाही.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. आपल्या देशात पहिला मोबाइल फोन वाजला तो ३१ जुलै १९९५ला, कलकत्त्याहून दिल्लीला. त्या काळी बोलण्याचेच नव्हे, ऐकण्याचेही पैसे पडत. येणारे फोन फुकट झाले ते २००३ साली. आजच्या आजी-आजोबांची फोनची सवय ह्या दिवसांतली. म्हणून तर अजूनही पाच मिनिटे झाली की “ठेवते हो, तुझे बिल वाढेल,” असे पलीकडून ऐकू येते. वास्तविक आता बोलण्याला मोजमापच राहिलेले नाही. विकले जाते ते दिवस आणि इंटरनेट. जुलै २०२४मध्ये खाजगी कंपन्यांनी भाव वाढवले तेव्हा एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत साधा रिचार्ज १७९ रुपयांवरून १९९ झाला, जिओचा १५५वरून १८९. दोन्हींत इंटरनेट होतेच. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजोबांना त्याचा काय उपयोग? खानावळीत नुसते ताक मागावे आणि बिल मात्र सबंध थाळीचे यावे, त्यातला हा प्रकार.

म्हणूनच २३ डिसेंबर २०२४चा ‘ट्राय’चा निर्णय मला मोलाचा वाटतो. त्यान्वये प्रत्येक कंपनीला केवळ बोलणे आणि एसएमएस ह्यांपुरता, इंटरनेटविना, निदान एक रिचार्ज ठेवणे सक्तीचे झाले. आणि अशा खास रिचार्जांची जास्तीत जास्त मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५मध्ये, कंपन्यांनी ते बाजारात आणले. एअरटेलने ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १,८४९ रुपये असा भाव ठेवला. जिओने ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८. (३३६ म्हणजे काय, तर अठ्ठावीस गुणिले बारा. सवय सुटत नाही!) बोलणे अमर्याद, परगावीसुद्धा. हे आकडे त्या वेळचे. भाव बदलत असतात, तेव्हा पैसे देण्यापूर्वी आजचा भाव विचारावा. पण हिशेबाची रीत तीच राहते: रकमेला दिवसांनी भागायचे. १९९ला २८ने भागले तर दिवसाला सात रुपये अकरा पैसे; १,८४९ला ३६५ने भागले तर पाच रुपये सात पैसे. १९९चे तेरा हप्ते म्हणजे २,५८७ रुपये. वर्षाकाठी ७३८ रुपये वाचले, आणि तेरा वेळची आठवण वाचली ती निराळीच. दुकानात मागताना “इंटरनेट नसलेला, फक्त बोलण्याचा, लांब मुदतीचा” असे स्पष्ट सांगावे. नुसते “स्वस्तातला द्या” म्हटले की पुन्हा अठ्ठावीसच दिवस पदरात पडतात.

मात्र हा रिचार्ज सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारू नये. मुलांची एक खोड असते. आई-वडिलांना काय लागते ते त्यांना न विचारताच ठरवून मोकळे व्हायचे. आठवडाभर नुसते पाहावे. सकाळी यूट्यूबवर कीर्तन लागते का? व्हॉट्सॲपवर देवादिकांची चित्रे आणि सुप्रभात चालते का? अमेरिकेतली नात रविवारी पडद्यावर दिसते का? तसे असेल तर इंटरनेट तोडणे म्हणजे त्यांची अर्धी करमणूक आणि निम्मे गणगोत तोडणे होय. पण घरात वाय-फाय असेल तर हे सगळे त्यावर चालते, आणि मोबाइलवर बोलण्यापुरता रिचार्ज पुरतो. अडचण एवढीच, की बागेतल्या बाकावर व्हॉट्सॲप उघडणार नाही. काहींना ते चालते, काहींना त्या बाकावरच तर ते हवे असते. त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. वाय-फाय नसेल तर रोज एक जीबीचा रिचार्ज पुष्कळ झाला. साध्या स्पष्टतेच्या चित्रफितीला तासाला अर्ध्या जीबीच्या आसपास लागते. रोजचे दोन-दोन जीबी क्रिकेट पाहणाऱ्या नातवांसाठी असतात.

पुण्याच्या एका बाईंची शंका अशी, की इंटरनेट नसले तर बँकेचा ओटीपी येईल का. येईल. तो साध्या एसएमएसने येतो, आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. रिचार्जमध्ये जे एसएमएस मोजून दिलेले असतात ते आपण पाठवायचे. परंतु रिचार्जची मुदतच संपली तर आधी जाणारे फोन बंद होतात, आणि काही दिवसांनी येणारेही. मग बँकेचा निरोप नाही, गॅसचा नाही, डॉक्टरांचा नाही. नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय पेन्शनरांना ऑक्टोबरपासून मुभा असते. हा दाखला हल्ली घरबसल्या निघतो, पण त्यालाही चालू मोबाइल लागतो. नेमक्या त्या महिन्यात नंबर मुका झालेला परवडत नाही.

फोनच्या यंत्राविषयी थोडक्यात. बटणांचा जुना फोन जिओवर चालत नाही, कारण जिओजवळ जुन्या पद्धतीचे, ‘टूजी’चे, जाळेच नाही, तिथे फोर-जीचा बटणफोन लागतो. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया ह्यांच्यावर जुना फोन चालतो. बीएसएनएलचे भाव पुष्कळदा कमी असतात, पण आपल्या घरात, आतल्या खोलीत, रेंज येते का ते शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्यावे. आतल्या खोलीत म्हणतो ते मुद्दाम. रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर माणूस गॅलरीत जाऊन फोन करीत नाही. कंपनी बदलायची तर नंबर तोच राहतो. पीओआरटी ही इंग्रजी अक्षरे, जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९००वर पाठवला की संकेतांक येतो, तो नव्या दुकानात द्यायचा.

एका गोष्टीकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरांत आईचा नंबर वडिलांच्या नावे असतो, किंवा मुलाच्या. वडील गेले, पुढे सिम हरवले, आणि दुकानदार मूळ मालकाला बोलावून आणा म्हणतो! त्याच नंबरवर आईची बँक, तिचे आधार, तिचे कुटुंबनिवृत्तिवेतन. जवळच्या नातलगांच्या आणि वारसांच्या नावे नंबर करून घेण्याची सोय आहे. कागदपत्रे लागतात, एक-दोन खेपा पडतात, पण ते काम सवडीच्या दिवसांत करून ठेवावे. आईचा नंबर आईच्याच नावावर असावा.

न मागता सुरू झालेली गाणी, राशिभविष्ये वगैरे सेवा पैसे खात असतील तर १५५२२३वर त्या बंद करता येतात. विक्रीच्या फोनांचा त्रास १९०९वर नोंदवावा. आणि कोणी पोलिसाच्या वेषात पडद्यावर येऊन “तुम्हाला डिजिटल अटक केली आहे” म्हणाला तर तशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० फिरवावा. हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या जागेजवळ चिकटवावेत.

राहिली मुदतीची तारीख. ती मुलाच्या फोनमध्ये नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर हवी, ज्यांचा फोन आहे त्यांच्या हाताने लिहिलेली, आठ दिवस अगोदरच्या चौकोनात. ८४ दिवसांचा रिचार्ज असेल तर वर्षात चार-पाच खुणा होतील. ह्या पाडव्याला वर्षाचा केलात तर मात्र ती तारीख पुढच्या दिवाळीच्या सुमाराची. म्हणजे जानेवारीचे नवे कॅलेंडर खिळ्याला अडकवण्याआधी पुढची पाने उलटून खूण करायला हवी.