तात्पर्याची घाई

मुलांसाठीच्या बायबलकथांच्या पुस्तकांत योनाची गोष्ट हमखास असते. देवाने त्याला निनवे शहरात जायला सांगितले, तर हा पठ्ठ्या उलट दिशेने निघालेल्या जहाजात चढला. वादळ उठले, खलाशांनी त्याला समुद्रात टाकले, मोठ्या माशाने गिळले आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकले. मग योना मुकाट्याने निनवेला गेला. तात्पर्य : मोठ्यांचे ऐकावे. मूळ पुस्तक मात्र चार अध्यायांचे आहे आणि त्यातला मासा अवघ्या तीन वचनांत आटोपतो. गोष्टीचा खरा जीव चौथ्या अध्यायात आहे आणि नेमका तोच बहुतेक वेळा गाळला जातो. निनवे हे अश्शूरांचे शहर. योनाच्या लोकांचे उत्तरेकडचे राज्य पुढे इ.स.पू. 722च्या सुमारास याच अश्शूरांनी बुडवले. असे शत्रूचे शहर पश्चात्ताप करते, देव शिक्षा मागे घेतो आणि योना संतापतो. शहराबाहेर जाऊन रुसून बसतो. त्याच्या डोक्यावर सावली धरणारे एक रोप रात्रीत वाढते, दुसऱ्या दिवशी किडीने वाळते आणि योना त्या रोपासाठी जीव द्यायला निघतो. तेव्हा देव त्याला विचारतो, की तुला एका रोपाची एवढी कणव येते, मग जिथे उजवा-डावा हात न कळणारी 1,20,000हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्या शहराची मला येऊ नये का? योनाचे उत्तर दिलेले नाही. पुस्तक या प्रश्नावरच संपते. शत्रूवरही दया करावी का, असे विचारणाऱ्या गोष्टीचे आपण आज्ञापालनाच्या धड्यात रूपांतर करतो, कारण तात्पर्य आधी ठरलेले असते आणि गोष्ट त्याच्या मापाने कापली जाते.

ही सवय आपल्याकडे जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828मध्ये इसापच्या कथा मराठीत आणल्या. गोष्ट सांगायची आणि खाली तात्पर्याची ओळ द्यायची, हा साचा पुढे आपल्या बालवाङ्मयात पक्का मुरला. इसापला तो शोभतो. त्याचा कोल्हा द्राक्षांखालून निघून गेला की त्याचे काम संपते. त्याला ना काल असतो, ना उद्या. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाचे तसे नाही. आंधळ्या बापाने चाचपडून पाहिले तर थोरल्या भावासारखे केसाळ हात लागावेत, म्हणून आई त्याच्या हातांना करडाचे कातडे गुंडाळते आणि तो भावाचा आशीर्वाद लाटतो. इथे ‘खोटे बोलू नये’ अशी ओळ लिहायला जावे, तर चौकस मूल लगेच विचारणार, की मग आशीर्वाद त्यालाच कसा मिळाला? उत्तर दहा अध्यायांनंतर येते. याकोब म्हातारा होतो आणि त्याचे मुलगे योसेफाला विकून त्याचा झगा रक्तात बुडवून बापापुढे टाकतात. ते रक्तही बकऱ्याचेच. बापाला ज्याने फसवले तो स्वतः बाप झाल्यावर त्याच जनावराच्या खुणेने फसतो आणि निवेदक त्यावर चकार शब्द काढत नाही. ही जोडणी मुलाने स्वतः हुडकली तर ती जन्मभर लक्षात राहील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : लहान मुलांना स्पष्ट सांगावे लागते, त्यांच्यावर सोडले तर ती भलतेच काही घेऊन बसतील, शिवाय येशूनेही पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ फोडून सांगितलाच होता. सांगितला, पण मार्कच्या शुभवर्तमानात तो शिष्यांनी विचारल्यावर सांगितला आहे. हा क्रम बायबलमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवले, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला उपदेश करत नाही. कळपांच्या धन्याने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती मेंढी कापली, एवढी गोष्ट सांगतो. दावीद भडकून निवाडा देतो आणि मगच नाथान म्हणतो, की तो माणूस तूच. शोमरोनी माणसाच्या दाखल्याचा शेवटही असाच. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात. यहुद्यांना ज्याचे तोंड पाहणेही नको तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, खाणावळवाल्याच्या हातावर दोन नाणी ठेवतो. मग ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या शास्त्र्यालाच येशू उलट विचारतो, की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हे नाव निघत नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणतो. निष्कर्ष इथे आहेच, पण तो ऐकणाऱ्याने काढलेला आहे. मूल भलताच निष्कर्ष काढेल हे खरे. पण त्याने तो बोलून दाखवला तर दुरुस्त करता येतो. तात्पर्याची ओळ घोकलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे मात्र कधीच कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बायबलमध्ये रक्तपात आहे, फसवणूक आहे, पोटच्या पोराला वेदीवर बांधणारा बाप आहे. हे सगळे पाच वर्षांच्या मुलाला सांगायचे का? अजिबात नाही. पण न सांगणे वेगळे आणि मोडतोड करून सांगणे वेगळे. नोहाची गोष्ट जिराफ-हत्तींच्या जोड्यांची सहल करून सांगितली, की पुढे कधीतरी बाकीची माणसे बुडाली हे मुलाला कळते आणि सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो. वयाचा प्रश्न यहुदी परंपरेने केव्हाच हाताळला आहे. वल्हांडणाच्या रात्री मिसरमधून सुटकेची कथा घरोघर सांगितली जाते. निर्गमच्या पुस्तकातच म्हटले आहे, की मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना सांगा. म्हणजे आधी मुलाचा प्रश्न. त्या रात्री वाचायच्या हगादा या पोथीत चार मुलगे येतात : शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला विचारताच येत नाही असा. चौघांना उत्तरे वेगवेगळी आहेत. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने ही पोथी मराठी अनुवादासह 1874मध्ये पुण्यात छापली आणि तिच्या चित्रांतल्या बायका साडी नेसलेल्या आहेत. भोळ्याला थोडक्यात सांगावे, शहाण्याला सविस्तर. पण शहाण्याला पुढे जे सांगायचे ते खोटे पडेल असे भोळ्याला काही सांगू नये. निवडीला हा एवढा निकष पुरे. अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट या वयात सरळ सांगता येत नसेल, तर ती खुशाल बाजूला ठेवावी. तिची ‘देवाने छान मेंढा पाठवला’ अशी गोड कथा करू नये.

तिसरा आक्षेप भाविकांचा : पवित्र ग्रंथ आपल्या शब्दांत सांगणे हीच मुळात ढवळाढवळ नाही का? मराठी वाचकाला याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यांनी बायबलची कथा ओवीत आणि पुराणाच्या बाजाने सांगितली, श्रोत्यांच्या शंकांनाही तिच्यात जागा दिली. शब्द बदलले, छंद बदलला. कथेचा कणा बदलला नाही. ढवळाढवळ होते ती शेवट छाटल्याने. उधळ्या पुत्राची गोष्ट आपण बापाच्या मिठीवर आणि मेजवानीवर थांबवतो. लूकने लिहिलेल्या गोष्टीत थोरला भाऊ शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि घरात पाऊल टाकायला नकार देतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी मित्रांसाठी एक करडूही दिले नाही, हे त्याचे गाऱ्हाणे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

या गोष्टीखाली ‘पश्चात्ताप केल्यास क्षमा मिळते’ असे लिहिणे चूक नाही, पण ते धाकट्यापुरते झाले. वर्गातली किंवा घरातली पुष्कळशी मुले थोरल्याच्या जागी असतात : सांगितलेले करणारी आणि व्रात्य भावंडाचे कौतुक झाले की आतून धुमसणारी. त्यांच्यासाठीच्या प्रसंगावर आपण कात्री चालवतो, कारण ‘थोरल्याचे काय चुकले?’ या प्रश्नाला सांगणाऱ्याकडेही झटपट उत्तर नसते. तात्पर्याची ओळ मुलांना समजावे म्हणून कमी आणि आपल्याला पुढचे प्रश्न नकोत म्हणून अधिक लिहिली जाते. म्हणून रविवारच्या शाळेसाठी किंवा घरासाठी गोष्टी निवडणाऱ्याने एक साधी कसोटी लावावी : या गोष्टीवर मूल मला असे काही विचारील का, ज्यावर मलाही थांबून विचार करावा लागेल? विचारणार असेल तर ती निवडावी, शेवटपर्यंत सांगावी आणि पहिला निवाडा मुलाला देऊ द्यावा. आपले मत त्यानंतर जरूर सांगावे, आपले मत म्हणूनच.