वैयावच्च : मिरवणुकीनंतरची भक्ती

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वी विहारास निघतात. चार महिने शहरातील उपाश्रय वा स्थानक भरून वाहते. निरोपाच्या दिवशीही गर्दी लोटते. परंतु संघाच्या गुरुभक्तीची कसोटी पुढच्या मुक्कामांत लागते. सातारा रस्त्याने कापूरहोळला येऊन भोरकडे वळले की उत्रोलीच्या परिसरातील लहान गावे येतात. अशा गावांत जैन घरे मोजकी. कुठे तेवढीही नसतात. ज्यांना वाहन वर्ज्य आहे, जवळ पैसा नाही आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही, त्यांचा दिवस एखाद्या घरावर अवलंबून असतो.

तत्त्वार्थसूत्राने सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची, म्हणजेच वैयावच्चची, गणना केली आहे. सेवेस पात्र असे दहा जण सांगताना आचार्य-उपाध्यायांबरोबरच ग्लान, म्हणजे आजारी, आणि शैक्ष, म्हणजे नवदीक्षित, यांचाही उल्लेख केला आहे. व्यवहारात मात्र गर्दी प्रख्यात प्रवचनकारांभोवती होते. गुडघेदुखीने जिना चढू न शकणाऱ्या वृद्ध साध्वीजींची सुखशाता विचारून उत्तर ऐकण्यास थांबणारे थोडेच असतात. तळमजल्यावरील एक खोली आणि वेळेवर आलेला वैद्य, यांचे मोल अशा वेळी शेकडो फलकांहून अधिक असते.

गोचरीतही भावनेइतकाच विवेक हवा. श्वेतांबर परंपरेत गोचरीचे ४२ दोष सांगितले आहेत. महाराजसाहेबांसाठी म्हणून मुद्दाम रांधलेले अन्न आधाकर्मी ठरते. त्यामुळे पंचपक्वान्नांची तयारी करणाऱ्यापेक्षा, ज्याच्या घरी रोजचीच शुद्ध भाजी-भाकरी असते आणि कुटुंबासाठीच उकळलेले पाणी असते, तो श्रावक अधिक उपयोगी पडतो. अतिथिसंविभाग हे बारावे व्रत अशा स्वयंपाकघरातच पाळले जाते. जैन घर नसलेल्या गावी शाकाहारी माळकरी कुटुंबाचा परिचय करून देणे, शाळेत वा मंदिरात उतरण्याची परवानगी आधी मिळवणे, हीसुद्धा सेवाच होय. गावोगावी ओळखी असलेल्या व्यापाऱ्यास ती सहज साधते.

रस्त्याचा प्रश्न तर जिवाचा आहे. विहारात वाहनाची धडक बसून साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. पहाटेच्या अंधुक प्रकाशात चकाकणारे जाकीट घालून दोन तरुण पुढे-मागे चालले, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालण्याची काळजी घेतली, तर संकट पुष्कळ टळते. ही जबाबदारी लहान गावावर सोडून भागणार नाही. ज्या मोठ्या संघाने चातुर्मासाचा लाभ घेतला, त्यानेच पुढील मुक्कामांची विचारपूस करावी, आपले तरुण पाठवावेत आणि पुढच्या संघाच्या स्वाधीन करूनच त्यांना परत बोलवावे.

ठाणांगसूत्रात श्रावकांचे चार प्रकार सांगितले आहेत : माता-पित्यासमान, भावासमान, मित्रासमान आणि सवतीसमान. सवत दोष शोधते. आई-वडील दोषही सांभाळून घेतात आणि लेकराचा मार्गही सुटू देत नाहीत. साधूंच्या चर्येला ढळ न पोहोचवता त्यांचा देह सांभाळणे, हेच माता-पित्यासमान श्रावकाचे काम आहे.